सेन्योराच्या पोटावरचा सफेदा

लिस्बन,
२ मार्च १९६५

प्रिय झुल्मी,

देव तुला आणि आईला सुखरूप ठेवो. मी बरी आहे. खोकला गेला. तू पाठवलेले सॉसेज खिडकीत टांगलेत, आणि शेजारची म्हातारी येता-जाता विचारते, "अजून संपले नाहीत का?" तिच्या तोंडाला पाणी सुटलंय हे मला कळतं, पण मीही आईचीच मुलगी, इतक्यात देणार नाही.

हे पत्र नेहमीसारखं चुलीपाशी बसून आईला मोठ्याने वाचून दाखव. तिला आधी एवढंच सांग: सेन्योरा, आपल्या वेदीवरची गरोदर मरियामाता, पोचली. ट्रकवाल्याने तिला दोन गाद्यांच्या मध्ये उभी बांधून आणली. आईने गुंडाळलेलं घोंगडं तसंच होतं. चित्रं दुरुस्त करायच्या आमच्या कार्यशाळेत ते सोडलं तेव्हा मेणबत्त्यांचा आणि आपल्या चर्चमधल्या ओलीचा वास सुटला, आणि मी इतक्या माणसांत उगाच डोळे पुसले. आमचे प्रमुख डॉ. सेरकेइरा म्हणाले, "काय हो, डोळ्यांत काही गेलं का?" मी म्हटलं, "हो, गाव गेलं."

डॉक्टर तिच्यावर अगदी खूश आहेत. म्हणतात, असल्या आडगावात असलं चित्र असेल असं त्यांना स्वप्नातही वाटलं नव्हतं. लाकूड चेस्टनटचं आहे, म्हणजे चित्रकार आपल्या उत्तरेकडचा. लिस्बनचे चित्रकार परदेशातून आलेलं ओक वापरायचे. चारशे वर्षं तरी झाली असतील. डोळ्यांना न दिसणाऱ्या लाल किरणांत तिचा फोटो काढला, तर रंगाच्या खाली चित्रकाराने कोळशाने काढलेल्या रेघा दिसल्या. त्याने आधी सेन्योराचा हात छातीवर ठेवला होता. मग विचार बदलला आणि खाली पोटावर आणला. गरोदर बाई हात कुठे ठेवते हे त्याला कुणीतरी, बहुतेक त्याच्या बायकोने, सांगितलं असणार.

आणि आईला सांग, ती काळी नाही. तो मेणबत्त्यांचा धूर आणि जुनं वार्निश. कानाजवळचा नखाएवढा भाग पुसून पाहिला, तर खाली गाल गोरा, किंचित गुलाबी निघाला. आई म्हणेल, "लिस्बनला गेली आणि पावडर लावायला लागली."

काल तिचा एक्स-रे काढला. झुल्मी, ते दृश्य काही डोळ्यांसमोरून जात नाही. बाकी सगळं अंग मंद, धुक्यातून दिसावं तसं. आणि पोटाच्या जागी एक पांढराफटक गोळा, त्यावर आडव्या-उभ्या काळ्या ओरखड्यांचं जाळं. डॉक्टर सिगारेट पेटवत म्हणाले, "हिच्या पोटात खरंच काहीतरी आहे." सगळे हसले. त्यांना वाटतंय की ओरखडे दीडशे वर्षांपूर्वी चालून आलेल्या फ्रेंच शिपायांच्या संगिनींचे. शिडी धरून खाली मी उभी राहायचे आणि वर आई छोट्या सुरीने खरवडायची, हे त्यांना कुठून सांगू?

सहजच विचारते. आई अजून ती खरवडलेली भुकटी दिवस गेलेल्या बायकांना देते का? आणि पोट उघडं पडलं की फुंदांवचा रंगारी येऊन पांढरं फासून जातो, तो नक्की काय फासतो? मला आजवर तो चुनाच वाटत होता. त्याच्या डब्यावर काय लिहिलंय ते जमल्यास बघून कळव. घाई नाही.

आईने गुडघ्यांना तेल लावावं. तुझ्या अमांदिउचं फ्रान्सहून पत्र आलं का?

तुझी ताई,
लिंदा

---

लिस्बन,
२१ मार्च

प्रिय झुल्मी,

हे पत्र एकटी असताना वाच. आईला वाचून दाखवू नकोस. तिने विचारलंच तर सांग, ताईने आशीर्वाद लिहिलेत आणि बाळासाठी लोकर पाठवतेय. तेही खरंच आहे.

तुझं पत्र मी ट्राममध्ये उघडलं. तुला दिवस गेलेत हे वाचून मी मोठ्याने "अगं बाई!" म्हणाले, आणि समोरच्या गृहस्थांनी टोपी काढली. त्या दोन वाया गेलेल्या खेपांनंतर तू पुन्हा धीर केलास. अमांदिउ तिकडे नाचत असेल. मी पण नाचले असते. पण मग पत्राची दुसरी बाजू वाचली.

तू लिहितेस, "सेन्योरा तुझ्याकडे आहे म्हणून काळजी करू नकोस, ताई. ट्रक यायच्या आधी आईने कॉफीचा अख्खा डबा खरवडून भरून ठेवलाय. रोज सकाळी मला वाइनमधून घोट देते. आणि काय गोड लागतो गं! आपल्या आंबटढाण वाइनची सेन्योरा साखर करते."

झुल्मी, तो घोट घेऊ नकोस. हे पत्र हातात आहे त्या क्षणापासून घेऊ नकोस.

आता कारण सांगते, नीट वाच. मी पोटावरच्या रंगाचा कण काढला, राळेत बसवला, आडवा कापला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कांद्यासारखे थर दिसले. पांढरा, मग धुराची काळी रेघ, मग पुन्हा पांढरा, पुन्हा धूर. आपल्या आज्या-पणज्या खरवडत आल्या आणि कुणी ना कुणी रंगारी भरत आला. मग आम्ही वापरतो त्या पाण्याचा एक थेंब त्यावर टाकला. चुना असता तर पांढराच राहिला असता. तो काळा पडला. एकामागून एक सगळे थर काळे पडत गेले. म्हणजे तो सफेदा आहे. सफेदा म्हणजे शिसं. चारशे वर्षांपूर्वीचा चित्रकार तोच वापरायचा, आणि फुंदांवचा रंगारीही आजवर तोच वापरतो. तू डब्यावरचं नाव कळवलंस, त्यावरून शंकाच उरली नाही.

आंबट वाइनमध्ये सफेदा विरघळला की गोडवा येतो. साखर सेन्योराची नाही, शिशाची आहे. तो गोडवा अंगात साठत जातो, हाडांत जाऊन बसतो. मडक्यांना झिलई देणाऱ्या बायकांची आणि रंगाच्या कारखान्यातल्या बायकांची पोटं टिकत नाहीत, हे इथले डॉक्टर फार पूर्वीपासून जाणतात. मी हे वाचलेलं होतं. फक्त आपल्या चुलीशी त्याचा संबंध असेल, असं मनात आलं नव्हतं.

एक कर. आरशासमोर उभी राहा आणि खालचा ओठ ओढून बघ. हिरडीच्या कडेला निळसर रेघ आहे का? आपल्याकडे बायका ती कौतुकाने दाखवतात, "सेन्योराने आपलं म्हटलंय" म्हणतात. आईची केवढी ठळक आहे, आठवतं ना? ती सेन्योराची रेघ नाही गं. ती शिशाची रेघ.

आईला मी सांगेन, ते माझ्यावर सोड. तोवर घोट तोंडात धर आणि मागच्या दारी जाऊन थुंक. दूध पी. अंडी खा. तुझं वय लहान आहे, आत्ता थांबलीस तर बाळ धरेल.

बाकी काही नाही. खरंच बाकी काही नाही.

तुझी ताई

---

लिस्बन,
९ एप्रिल

झुल्मी,

तुझं पत्र चार ओळींचं होतं. रेघ आहे. घोट तू जिरेनियमच्या कुंडीत ओततेस. गावातल्या नातिविदादलाही दिवस गेलेत आणि तीही आईकडून घेते. आणि शेवटची ओळ: "ताई, मग आपले चौघे?"

मागचं पत्र मी दोनदा फाडून पुन्हा लिहिलं होतं, तुला हा प्रश्न पडू नये म्हणून. पडलाच. तू लहानपणीही तशीच होतीस, कापडाचा सुटलेला धागा दिसला की शेवटपर्यंत ओढायचीस.

मग ऐक. मी झाले तेव्हा आई कोविल्यां शहरातल्या लोकरीच्या गिरणीत कामाला होती. मला दुपट्यात घेऊनच ती आपल्या गावी परतली. म्हणून तर रागावली की म्हणायची, "तू सेन्योराची नाहीस, तू गिरणीची!" त्या वेळी मला रडू यायचं. आणि तू झालीस त्या वर्षी चर्चचं छप्पर कोसळलं होतं. सेन्योरा बिशपांच्या घरी कुलपात होती, तुला पोटात घेऊन आई भुकटीवाचून राहिली, आणि नऊ महिने घाबरून होती. मधली चौघं भावंडं सेन्योरा वेदीवर असतानाची. लुसिआनु जन्मला तोच निळा. ओतीलियाला आकड्या यायच्या. एक तर नाव ठेवण्याआधीच गेली. बेर्नार्दु तेवढा चालायला लागला होता.

आणि प्रत्येक वेळी, एक गेलं की आई पुढच्या वेळी जास्त खरवडायची. शिडीवर जास्त वेळ उभी राहायची. मी खाली शिडी घट्ट धरून असायचे.

हे मी कागदावर पहिल्यांदाच लिहिते आहे. मनात केव्हा आलं ते विचारशील, तर एक्स-रे बघितला तेव्हाच. पण माझ्याकडे पुरावा नाही. आमची यंत्रं रंगाबद्दल सांगतात, माणसांबद्दल सांगत नाहीत. हे तूही लक्षात ठेव आणि आईसमोर तोंडातून अवाक्षर काढू नकोस.

डॉ. सेरकेइरांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "एर्मेलिंदा, आपण चित्रं तपासतो, गावं नाही. हे बिशपांच्या कानावर गेलं, तर उद्या माणसं पाठवून चित्र उचलून नेतील. मग तुमच्या बायका पुन्हा खरवडायला मोकळ्या." माणूस वाईट नाही, आणि बोलला त्यात चूकही काढता येईना. फादर आंसेल्मुंना पत्र लिहिलं. त्यांचं उत्तर आलं: या बायकांजवळ दुसरं आहे काय, दवाखाना डोंगराखाली, नवरे फ्रान्समध्ये, आणि शंभर वर्षं पीत आलेल्या गोष्टीबद्दल मी वेदीवरून काय बोलू. त्यांनी आईला सांगितलं मात्र असणार. कारण तुझ्या पत्राच्या कडेला लिहिलंयस, आई परवापासून माझं नाव घेत नाही, "ती लिस्बनवाली" म्हणते.

नातिविदादला सांग. ती वेडी म्हणेल, म्हणू दे.

मी ईस्टरला येतेय. थेंबाची बाटली घेऊन येते. आईने डोळ्यांनी बघितलं तर मानेल. ती शब्दांवर विश्वास ठेवत नाही, पण डोळ्यांवर ठेवते.

ताई

---

लिस्बन,
२ मे

प्रिय अमांदिउ,

नमस्कार. तू, तुझे सोबती, सगळे धडधाकट असाल अशी आशा करते. पॅरिसकडे अजून थंडी आहे म्हणे. बांधकामावर हातमोजे घालत जा.

झुल्मीने तुला "आई आजारी आहे" एवढंच कळवलंय हे मला माहीत आहे. तिला जास्त लिहिवेना. घरचा माणूस म्हणून तुला सगळं कळायला हवं, म्हणून मी लिहिते. भुकटीचं काय ते तिने तुला मागेच लिहिलं होतं, ते पुन्हा सांगत नाही.

ईस्टरच्या सोमवारी फादर क्रूस घेऊन घरोघर येऊन गेले. उंबऱ्यावर रोजमेरीच्या डहाळ्या पसरलेल्या, टेबलावर अंडी घातलेला गोड पाव, सगळं सणासारखं. ते गेल्यावर मी दार लोटलं आणि आईला म्हटलं, "आई, बस. एक दाखवायचं आहे."

"मला काय दाखवणार? माझी सेन्योरा नेलीस, आता आणखी काय न्यायचंय?"

"तुझा डबा आण."

तिने डबा आणला. एप्रनखाली धरूनच आणला. मी बशीत चिमूटभर भुकटी घेतली आणि बाटलीतला थेंब सोडला. भुकटी काळी पडली. त्या पाण्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. मला सवय आहे, माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. आईने नाकाला एप्रन लावला आणि मागे सरकली.

"सैतानाचं पाणी आहे हे! सेन्योरावर सैतानाचं पाणी टाकलंस तू. लाजेने काळी पडली ती!"

"आई, ते शिसं आहे. शिसं असलं की काळं पडतं."

"माझ्या आईने प्यायलं. तिच्या आईने प्यायलं."

"आणि त्यांची किती जगली?" हे मी बोलायला नको होतं. बोलून गेले.

चुलीवर सूप उकळत होतं. झुल्मी भिंतीला टेकून उभी, दोन्ही हात पोटावर. आईने तिच्याकडे बघितलं. मग कोपऱ्यातल्या कुंडीकडे बघितलं. ते जिरेनियम पिवळं पडलं होतं. तिला सगळं कळलं.

"तू पीत नव्हतीस?" तिने झुल्मीला विचारलं. अगदी हळू.

झुल्मीने मान हलवली.

मग आई माझ्याकडे वळली. "म्हणजे तुझं म्हणणं काय आहे, लिंदा? स्पष्ट बोल. मी मारली?"

अमांदिउ, मला त्या वेळी "नाही" म्हणता आलं असतं. तो एकच शब्द होता. मी तो म्हणाले नाही. गप्प राहिले.

आईने कपाटातला मोठा वाडगा काढला. वाइन ओतली. आम्हाला कळेपर्यंत डबा त्यात उपडा केला आणि बोटाने ढवळलं. मी तिचा हात धरला, पण तिच्या हातांत काय ताकद आहे ते तुला ठाऊक आहे. तिने मला ढकललं आणि उभ्याउभ्या सगळं प्यायली. तोंड पुसलं. म्हणाली, "आता बघू. माझी सेन्योरा मला मारते का, ते बघू." आणि बसून सुपाला मीठ घालायला लागली.

संध्याकाळपर्यंत काही झालं नाही. ती तर आमच्याकडे बघून हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी पोटात कळा सुरू झाल्या. अशा कळा मी कुणाच्या बघितल्या नाहीत. बैलगाडीतून खाली रस्त्यापर्यंत आणि तिथून लॉरीने शहराच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला. पण उजवा हात मनगटापासून लोंबतो. चमचा धरता येत नाही. डॉक्टर म्हणाले, एका डब्याने हात असा होत नाही, हे आयुष्यभराचं साठलेलं आहे, आत्ता वर आलं. माझ्याशी ती एक शब्द बोललेली नाही. मी खोलीत गेले की भिंतीकडे तोंड करते.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. इस्पितळातून घरी आणल्यावर गावच्या बायका बघायला आल्या. खाटेभोवती उभ्या राहिल्या, जपमाळ म्हटली. मग नातिविदादने एप्रनच्या खिशातून एक छोटी डबी काढली. "पेर्पेतुआबाई, हे घ्या, बरं वाटेल." तिच्या मागून दुसरीने काढली. मग तिसरीने. अमांदिउ, प्रत्येकीकडे होती. ट्रक यायच्या आदल्या आठवड्यात त्या एकेक करून चर्चमध्ये जाऊन आल्या होत्या. आम्ही समजत होतो की डबा एकच आहे.

मी ओरडले. झुल्मी रडली. जाताना दारात एक दुसरीला म्हणाली, ते मी ऐकलं: "सेन्योराला घरातून काढली, मग दुसरं काय होणार."

माझं त्या ऐकणार नाहीत. फादर बोलणार नाहीत. पण त्यांचे नवरे तुझ्याबरोबर त्याच बराकींत राहतात, रविवारी एकत्र जेवता. तू सांग. एकेकाला बाजूला घेऊन सांग, सगळ्यांसमोर सांगितलंस तर चेष्टा करतील. त्यांच्याकडून बायकांना पत्रं जाऊ देत. बायकोला विष म्हटलेलं पटणार नाही, पण "मी परत येईपर्यंत घेऊ नकोस, माझी शपथ" असं नवऱ्याने लिहिलं तर कदाचित थांबेल. नातिविदादच्या नवऱ्याला आधी गाठ.

झुल्मीला लिस्बनला चल म्हटलं. ती आईला सोडून येत नाही. तिचे दिवस नीट जाताहेत, बाळ हलतं. मी तिच्यासाठी दर आठवड्याला सुकं दूध पाठवते.

तुझी,
एर्मेलिंदा

---

लिस्बन,
५ डिसेंबर

प्रिय आई,

हे पत्र झुल्मी तुला वाचून दाखवेल. तू उठून गेलीस तर ती तिथेच थांबेल, आणि तू परत येशील तेव्हा पुढे वाचेल. मी तिला तसं सांगितलंय.

आधी बरं ते लिहिते. तुझ्या नातीचा, सेलेस्तचा फोटो मिळाला. अजून किती बारीक आहे! पण झुल्मी म्हणते की ती रात्रंदिवस आरडाओरडा करते आणि दूध ओढून ओढून पिते. मग ठीक आहे. ओरडू दे. तू तिला डाव्या हाताने खांद्यावर टाकून अंगणात फिरवतेस, हेही कळलं. अमांदिउ नाताळला येतोय, त्याला सीमेवर त्रास न होवो.

सेन्योराचं काम संपलं. बिशपांचा निरोप आहे की अठराव्या तारखेच्या तिच्या सणाला ती वेदीवर हवी. चेहरा आता उजळ आहे, झग्याचा निळा बघून तुला नवा वाटेल, पण तो जुनाच आहे. फक्त पोटाबद्दल तुला आधी सांगायला हवं, नाहीतर बघून धक्का बसेल. रंगाऱ्यांनी वरून फासलेलं सगळं आम्ही काढलं. खाली त्या पहिल्या चित्रकाराचं काही शिल्लक असेल असं वाटलं होतं. काही नव्हतं. नुसतं लाकूड, त्यावर सुऱ्यांच्या खुणा. डॉ. सेरकेइरा म्हणाले, रंगवून टाकू, असं उघडं पाठवलं तर लोक दगड मारतील. मी म्हटलं, रंगवलं तर खरवडतील. त्यांनी सुऱ्यांच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तसंच ठेवा. आणि पुढे काच लावा."

तर ती तशीच येतेय. हात पोटावर, आणि हाताखाली उघडं लाकूड. काच जाड आहे. पण काच फुटते हे मलाही कळतं.

नातिविदादच्या बाळाचं झुल्मीने लिहिलं. नवऱ्याचं पत्र तिला मिळालं होतं, तरी डबी तिने फेकली नव्हती. त्या बाळाला पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून तू घरोघर जाऊन डब्या मागत फिरतेस, हेही लिहिलं. खालच्या आळीने दिल्या. वरच्या आळीत दारं उघडली नाहीत, आणि एकीने खिडकीतून विचारलं, "पेर्पेतुआ, आम्हाला तूच दिलंस ना?" तू काय उत्तर दिलंस ते झुल्मीने लिहिलेलं नाही. मीही विचारणार नाही. वरच्या आळीत तिघींना दिवस गेलेत. तू पुन्हा जाशील हे मला माहीत आहे. मी ट्रकबरोबर येतेय, तुझ्याबरोबर येईन. तू बोलू नकोस माझ्याशी, नुसती पुढे चाल, मी मागून येईन.

ईस्टरपासून तू मला शब्द पाठवला नव्हतास. या वेळच्या पत्रात झुल्मीने तुझं म्हणून एकच वाक्य घातलंय. "लिंदाला विचार, चौघेही का?"

आई, मी आठ दिवस हा कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. आमच्याकडे इतकी यंत्रं आहेत, ती लाकूड कुठल्या रानातलं हे सांगतात, चित्रकाराचा हात कुठे थबकला हे सांगतात. हे सांगणारं एकही नाही. ईस्टरला मी गप्प राहिले, आता राहणार नाही.

सगळे चौघे नाहीत. बेर्नार्दु तापाने गेला. त्या हिवाळ्यात डोंगरापलीकडच्या गावांतही मुलं गेली, जिथे आपली सेन्योरा कुणाला माहीत नव्हती. मी मोठी होते, मला आठवतं, त्याचं कपाळ तापलेलं असायचं आणि तू ओली फडकी बदलत होतीस. तो तुझ्या हातून गेला नाही. तू त्याला वाचवत होतीस.

बाकी तिघांबद्दल मला पुन्हा विचारू नकोस.

तुझ्या जिवंत मुलींतली थोरली,
लिंदा